लॉकपोर्टला गळ टाकायला कोण येतंय?

प्रेषक: नवा मेंबर (चिपळूणकर)
शुक्रवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

जानेवारीत कॅनडात, विनिपेगला आलो, हा आमचा इथला पहिलाच उन्हाळा. गेल्या रविवारी रेड नदीवरच्या लॉकपोर्टच्या पुलावर गाडी थांबवली तर खाली काठावर माणसांची रांग, नि एकाच्या हातात मिशावाला मासा, आमच्या नऊ वर्षांच्या चिरंजीवांच्या छातीला लागेल एवढा. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

मी वाशिष्ठीच्या काठचा. लहानपणी वेताच्या काठीला दोरा बांधून पुष्कळ बसलोय, पण इथलं काहीच माहीत नाही. लायसन लागतं का? तो मिशावाला म्हणजे आपला शिंगाळाच का? आणि मुख्य म्हणजे, खातात का? घरून विचारणा झाली आहे की आणलाच तर तळायला कढई केवढी लागेल.

---

प्रेषक: अण्णा
शनिवार, सकाळी ७:१५

चिपळूणकर, कढई राहू दे. तो मासा घरी न्यायचा नसतो.

शिंगाळ्याच्या गोतावळ्यातलाच आहे, चॅनेल कॅटफिश. अंगावर खवला नाही, तोंडाला मिशा, पाठीवर आणि दोन्ही बाजूंच्या परांत आपल्या शिंगाळ्यासारखाच टणक काटा. गाळातल्या पाण्यात त्याला दिसण्याची गरज पडत नाही, चव घेणारी इंद्रियं मिशांवरच नाही तर अंगभर असतात. म्हणून आमिष वासाचं हवं. इथली मंडळी गोल्डआय नावाच्या इथल्याच माशाचे तुकडे लावतात, मी गोठवलेली कोळंबी. तिला हात लावताना जीव थोडा कळवळतो, पण चालायचंच.

आपल्या मॅनिटोबा प्रांतात ६० सेंटिमीटरपेक्षा लांब कॅटफिश ठेवता येत नाही, सोडायचाच. तू पुलावरून पाहिलास तो नक्कीच त्याहून मोठा असणार. आपल्याकडे उलट, मोठा घेतात नि पिल्लू सोडतात. मलाही पटलं नव्हतं. पहिल्या वर्षी एक हातभराहून मोठा लागला, मी आनंदाने पिशवी उघडली, तर शेजारचा म्हातारा शांतपणे म्हणाला, "हा तुझ्या पोराहून वयाने मोठा असेल." माझा मुलगा तेव्हा ११ वर्षांचा. इथे वर्षातला बराच काळ पाणी गार, मासा हळू वाढतो आणि जगतो मात्र पुष्कळ. एवढ्या अंगाचा कॅटफिश वीस वर्षांचा असणं नवल नाही. एकदा काढला की त्या जागी दुसरा यायला तेवढीच वर्षं. मी सोडला. घरी येऊन पिठलं खाल्लं.

लायसन तुला लागेल, मुलाला नाही, सोळाच्या आतल्यांना माफ आहे. दरवर्षी नियमांची पुस्तिका निघते, ती बघूनच निघ. मागच्या वर्षीचं पाठ करून चालत नाही. वसंतात मासे अंडी घालतात तेव्हा काही आठवडे बंदी असते, ती आता संपली आहे.

गळाच्या टोकामागचा उलटा काटा इथे चालत नाही. पक्कडीने दाबून सपाट करायचा. नुसतं "दाबलाय" म्हणून भागत नाही. एकदा तपासणीला आलेल्या बाईंनी माझा गळ हातमोज्यात खुपसून ओढून पाहिला होता. सुती धाग्यात अडकला असता तर दंड होता.

आता बाकीचे मासे. पिकरेल म्हणजे बाकी जग ज्याला वॉलआय म्हणतं तो, काचेसारखा डोळा, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका. त्याचा बारका भाऊ सॉगर, पाठीच्या परावर काळे ठिपके आणि शेपटीवर ते पांढरं नाही. जॅकफिश (पाइक) दातांचा आणि काट्यांचा. काटे इंग्रजी वायसारखे दुभंगलेले, लहान मुलांना देऊ नये. कार्प आपल्या उजनीचा सायप्रिनसच. स्टर्जन लागला तर दोर कापून किंवा गळ काढून लगेच पाण्यात, त्याला घरी न्यायची बातच नाही. बरबॉट हिवाळ्याचा, बर्फाखाली अंडी घालणारा, गोड्या पाण्यातला एकमेव कॉड. त्याचं यकृत खायला तर मी डिसेंबरात पाय गोठवून बसतो.

एवढे सगळे एका जागी का, तर बांध. सेंट अँड्र्यूजचा लॉक नि बांध १९१० सालचा, बोटींना तिथला उथळ खडकाळ पट्टा ओलांडता यावा म्हणून बांधलेला. नदी उत्तरेकडे वाहते, विनिपेग सरोवराला मिळते. तिकडून मासे वर येतात आणि बांधापाशी अडकल्यासारखे घोटाळतात. पेलिकन तेवढ्यासाठीच बसलेले असतात, आपणही. पाणी गढूळ दिसलं तर नाक मुरडू नकोस, ती अगॅसिझ नावाच्या हिमयुगातल्या प्रचंड सरोवराच्या तळाची चिकणमाती आहे.

एक जुना रॉड माझ्याकडे पडून आहे, घेऊन जा.

अण्णा

---

प्रेषक: मालवणची ताई
शनिवार, दुपारी १२:०५

अण्णा, इतकं लिहिलंत आणि नेमका ड्रम मासा विसरलात!

चिपळूणकर, यांच्या यादीत नसलेला तोच तुम्हाला सगळ्यात जास्त लागेल. चांदीसारखा, पाठीला कुबड. इथले लोक सिल्व्हर बास म्हणतात आणि पुष्कळ जण नाक वाकडं करून परत टाकतात. माझे यजमानही टाकायचे. एकदा मी गाडीत बसले होते, मागे बर्फाच्या डब्यातून आवाज यायला लागला, गुर्र, गुर्र. ऐकला आणि अंगावर काटा आला. आमच्या बाबांच्या होडीत घोळ मासा असाच बोलायचा.

घरी येऊन डोकं फोडलं. दोन खडे, पांढरे, हस्तिदंतासारखे गुळगुळीत, एका बाजूला इंग्रजी एलसारखी खूण. घोळीच्या, ढोमीच्या डोक्यात निघतात तसेच. पुस्तकात बघितलं तर खरंच एकच कुटुंब निघालं. बहुतेक कूळ खाऱ्या पाण्यातलं, उत्तर अमेरिकेत हा एकटाच जन्मभर गोड्या पाण्यात राहिलेला. आपल्यासारखाच, सासरी राहून माहेरचा आवाज न सोडणारा.

करायचा असा: पकडल्याबरोबर रक्त काढून बर्फात, उन्हात पडला तर मांस मऊ होतं आणि मग लोक म्हणतात बेचव. मध्यम आकाराचाच घ्या, मोठ्यात पारा जास्त असतो. त्रिफळं टाकून तिखलं. कोकम माझ्याकडून न्या. त्रिफळं मात्र उधार नाहीत, ती मोजून आणलेली आहेत.

गोल्डआयबद्दलही थोडं. ताजा पिचपिचीत, काट्यांचा. पण धुरावर ठेवला आणि लाल झाला की विनिपेगचं नाव काढतात, इथल्या बेसबॉलच्या संघाचं नावही त्याच्यावरून. दुकानातून एक आणा आणि भाताबरोबर खा, सुकटीची आठवण झाली नाही तर मला फोन करा.

---

प्रेषक: यादी सांभाळणारे
शनिवार, दुपारी १:२०

मंडळी, हा धागा गणपतीच्या वर्गणीच्या उत्तरातून सुरू झाला होता. विषय बदलून टाकला आहे. ज्यांच्याकडे शाकाहार आहे त्यांनी राग मानू नये, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांनी श्रावण लागायच्या आत उरकावं. वर्गणी अजून १७ जणांची बाकी आहे. मासे नंतर.

---

प्रेषक: नवा मेंबर (चिपळूणकर)
रविवार, रात्री ९:५०

काम फत्ते. गटारीच्या आधीच.

सकाळी सहाला अण्णांबरोबर पोचलो. अण्णांचा रॉड, माझी पक्कड, ताईंचं कोकम. डासांनी पहिल्या तासातच आमचं जेवण केलं. सव्वासातला दोर एकदम ताणला, रील किरकिरली, मी ओरडलो, चिरंजीव माझ्यापेक्षा मोठ्याने. दहाएक मिनिटं तो खाली जायचा, मी वर ओढायचो. काठाला आला तेव्हा मिशा चिखलात टेकवून शांत पडला. अण्णा म्हणाले तसं परांच्या मागून धरलं, काटे टाळले. टेप लावली: ७१ सेंटिमीटर. मुलाने मिशीला बोट लावून बघितलं, "बाबा, गार आहे," एवढंच. पाण्यात दोन्ही हातांनी धरून ठेवला, त्याने एकदा कल्ले उघडले नि शेपटीने माझ्या तोंडावर पाणी उडवून गेला.

मग दोन ड्रम आणि एक सॉगर. सॉगरचे ठिपके मोजायला चिरंजीवच बसले होते. ड्रम गाडीत गुरगुरले, ताई, शब्द दिलात तसे. चार खडे आता त्याच्या कंपासपेटीत आहेत, सोमवारी शाळेत न्यायचे ठरले आहे, बाईंना काय सांगायचं ते घरात अजून ठरत नाही.

तिखलं झालं. त्रिफळांशिवाय. घरच्यांनी एकच शेरा मारला की पुढच्या वेळी चार आण.

ताई, त्या त्रिफळांचं जरा बघा ना. चारच पुरतील. आणि अण्णा, पक्कड तुमच्याच गाडीत राहिली आहे का?