वस्तीतले खेळ आणि वर्ग चालतात कशावर? मुंबईतल्या कार्यकर्त्यांचे अनुभव

मुंबई महानगरपालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74,427 कोटी रुपयांचा होता. तरीही गल्लीतला कबड्डीचा संघ, ज्येष्ठांचे विरंगुळा केंद्र, मुलींचा सायंकाळचा खेळगट आणि मे महिन्यातले शिबिर हे उपक्रम बहुधा पावती पुस्तकावर आणि दोन-चार माणसांच्या चिकाटीवरच चालतात. ज्यांनी असा एखादा उपक्रम प्रत्यक्ष चालवला आहे, त्याचा जमाखर्च लिहिला आहे किंवा त्यासाठी कार्यालयांचे उंबरठे झिजवले आहेत, त्यांच्यासाठी हा धागा आहे. पैसा कुठून आला, तो कशावर खर्च करता आला आणि कशावर करता आला नाही, हे सविस्तर लिहावे. व्यक्तींची नावे टाळावीत. तक्रार असल्यास व्यवस्थेबद्दल असावी.

लालबाग, व्यायामशाळेचे खजिनदार

आमची व्यायामशाळा गणेशोत्सव मंडळातूनच जन्मली. जागा मंडळाची, धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी मंडळाची आणि वर्षभराचा खर्चही मंडळाच्या शिलकीतून भागतो. कमानींवरच्या जाहिराती, स्मरणिका आणि घरोघरची वर्गणी यांतून जे जमते, त्यातून मंडप, मूर्ती, रोषणाई आणि विसर्जन मिरवणूक यांचा खर्च वजा जाता जे उरते, त्यावर प्रशिक्षकाचे मानधन ठरते. त्यामुळे ज्या वर्षी एखादा मोठा जाहिरातदार मागे सरतो, त्या वर्षी कबड्डीच्या मुलांचा सराव कमी होतो. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण गिरणगावात ही पद्धत इतकी मुरलेली आहे की तिच्याबद्दल कोणी प्रश्नही विचारत नाही.

लोकप्रतिनिधींच्या निधीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण नव्या कार्यकर्त्यांची सर्वाधिक गल्लत तिथे होते. खासदाराला वर्षाला 5 कोटी रुपयांची कामे सुचवता येतात, परंतु हा निधी टिकाऊ सामुदायिक मालमत्ता उभारण्यासाठी असतो. पगार, मानधन, वीजबिल, सफाई असा दरमहाचा खर्च त्यात बसत नाही. आमच्याकडे लाद्या बसल्या, पत्रे बदलले, व्यायामाची यंत्रे आली आणि दाराशी संगमरवरी पाटीही लागली. त्या यंत्रांच्या केबल तुटल्या की नव्या आणायला मात्र आम्हीच चाळीत फिरतो. एप्रिल 2020 मध्ये करोनामुळे खासदार निधी स्थगित झाला आणि नोव्हेंबर 2021 मध्ये तो पुन्हा सुरू करण्याचा निर्णय झाला. त्या मधल्या काळात आमच्या वरच्या खोलीचे काम उघड्या सळ्यांसह तसेच पडून होते.

आणखी एक गोष्ट हिशेबाच्या वहीत दिसत नाही. 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून पालक मॅटचीच मागणी करतात, आणि स्पर्धाही मॅटवर होऊ लागल्याने त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. मातीच्या मैदानाला पाणी मारणे आणि रोलर फिरवणे पुरत होते आणि मुले अनवाणी खेळत होती. मॅटला छत लागते, ती रोज पुसावी लागते आणि तिच्यावर खेळायला प्रत्येक मुलाला बूट घ्यावे लागतात. मॅट देणगीतून मिळाली, बुटांचा खर्च मात्र घरांवर पडला, आणि ज्या घरांना तो झेपला नाही, त्यांची मुले हळूहळू यायची थांबली. देणगीदाराच्या अहवालात ही मुले कुठेच नसतात.

परळ, शिवण वर्गाच्या माजी शिक्षिका

खजिनदार काकांनी लिहिलेली अडचण आमच्या वाट्याला तुलनेने कमी आली, आणि त्याचे कारण निधीच्या रचनेत आहे. आमचा वर्ग ज्या कामगार कल्याण केंद्रात भरत असे, ते चालवणारे महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ 1953 च्या कायद्याने उभे राहिले. त्याच्या निधीत कामगार, मालक आणि शासन असे तिघेही वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरमध्ये, वाटा देतात. पाच किंवा त्याहून अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांना तो भरावा लागतो. कित्येक वर्षे कामगाराचे 12 आणि मालकाचे 36 रुपये असा सहामाही दर होता. 2024 मध्ये तो 25 आणि 75 झाला. रक्कम इतकी लहान आहे की पगाराच्या पावतीवरची ती ओळ कोणी वाचतही नाही, पण ती न चुकता येते, आणि शिवण वर्ग, शिशुमंदिर, वाचनालय, भजन स्पर्धा, कामगार नाट्य स्पर्धा हे सर्व तिच्यावर चालते. पुढच्या वर्षी वर्ग असेल की नाही, ही चिंता मला सहसा करावी लागली नाही.

तरीही एक खंत आहे. माझे वडील गिरणीत होते. जानेवारी 1982 च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक मिटल्या आणि ज्यांच्यासाठी ही केंद्रे काढली, ते सभासदच पांगले. आज हा वाटा बँका, दुकाने आणि संगणक कंपन्यांतल्या नोकरदारांच्या पगारातूनही जातो, परंतु आपण कामगार कल्याण केंद्राचे हक्कदार आहोत, हे त्यांच्यापैकी अनेकांच्या गावीही नसते. माझ्या भाचीला मी तिची पगाराची पावती उघडून दाखवली, तेव्हा तिचा विश्वास बसला. निधी असूनही वर्गात माणसे कमी, अशी उलटी अडचणही या शहरात आहे.

दादर, निवृत्त शिक्षक

मी केवळ लाभार्थी आहे, त्यामुळे थोडक्यात लिहितो. शिवाजी पार्कजवळच्या महात्मा गांधी जलतरण तलावावर मी पोहायला शिकलो आणि आता तिथेच नातवाला नेतो. खासगी क्लबच्या तुलनेत शुल्क नगण्य आहे. महानगरपालिकेने तलाव नफ्यासाठी चालवू नयेत, पण जीवरक्षकांच्या पगारात कसूरही करू नये. बाकीच्या चर्चेत पडण्याइतका माझा अभ्यास नाही.

पश्चिम उपनगर, रहिवासी संघाच्या सचिव

आमच्या संघाने महानगरपालिकेचे एक मैदान दत्तक तत्त्वावर सांभाळले होते. कुंपण, माळी, रखवालदार, दिवे आणि झाडांना घालायचे टँकरचे पाणी हा सर्व खर्च आमचा होता, आणि तो आसपासच्या गृहनिर्माण संस्थांच्या वर्गणीतून भागत असे. मैदान स्वच्छ झाले, सकाळी योगवर्ग आणि संध्याकाळी लहान मुलांचा क्रिकेटचा सराव सुरू झाला. मग मैदान नेमके कोणाचे, हा प्रश्न उभा राहिला. वर्गणी देणाऱ्या इमारतींना वाटू लागले की प्रवेशाच्या वेळा आपण ठरवाव्यात, आणि पलीकडच्या वस्तीतली मुले दुपारी आली की रखवालदार त्यांना हटकू लागला. कार्यकारिणीत यावरून कडाक्याचे वाद झाले, आणि ते व्हायलाच हवे होते, कारण ज्या मुलांना घरात पाय पसरायला जागा नाही, त्यांनाच मैदानाची सर्वांत जास्त गरज असते.

जानेवारी 2016 मध्ये मोकळ्या जागा दत्तक देण्याचे नवे धोरण महानगरपालिकेच्या सभागृहाने मंजूर केले. त्यावर टीकेची झोड उठली, मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली आणि आधी दिलेले 216 भूखंड परत घेण्याचे काम सुरू झाले. काही ठिकाणी राजकीय वरदहस्त असलेल्या संस्थांनी मैदानांवर क्लब थाटले होते, त्यामुळे टीका रास्तच होती. आमच्यासारख्या लहान संघांनाही त्याच मापाने मोजले गेले, याचे मात्र वाईट वाटले. मैदान परत केल्यावर कुलूप गेले आणि प्रवेश सर्वांना खुला झाला, हे चांगले झाले. माळी आठवड्यातून एखादे दिवशी येऊ लागला आणि दिव्यांपैकी निम्मे बंद राहू लागले, हे वाईट झाले. दोन्ही गोष्टी एकाच निर्णयातून आल्या, म्हणून या धोरणाच्या बाजूने किंवा विरोधात सरळ मत देणे मला अवघड जाते.

मुलुंड, लेखा विभागातून निवृत्त

खजिनदारांनी मांडलेल्या मुद्द्यात थोडी भर घालतो. शासकीय हिशेबात भांडवली आणि महसुली असे दोन वेगळे कप्पे असतात. इमारत, कुंपण, यंत्रे हे भांडवली काम, तर मानधन, वीज आणि सफाई हा महसुली खर्च. भांडवली काम एकदाच मंजूर होते, त्याचे उद्घाटन होते आणि फाईल बंद होते. महसुली खर्च दरवर्षी नव्याने मागावा लागतो, आणि त्याचा नारळ कोणी फोडत नाही. खासदार निधीतून मालमत्ता घेताना ती वापरणारी संस्था पुढची देखभाल आपण करू, अशी हमी देते. त्या कागदावर सही करताना पाच वर्षांचे वीजबिल कोण भरणार, हा प्रश्न बहुतेक मंडळे स्वतःला विचारत नाहीत. मी सहीसाठी आलेल्यांना तो विचारत असे आणि अडवणूक करणारा म्हणून प्रसिद्ध होतो.

नगरसेवकांबद्दलही एक नोंद. मार्च 2022 मध्ये त्यांची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षे प्रशासकांकडे कारभार होता. त्या काळात छोट्या कामांसाठी हक्काने ज्याच्या दारी जावे, असा माणूसच उरला नाही; एरवी बाकडी, जाळी, दिव्याचा खांब अशी कामे नगरसेवकामार्फत मार्गी लागत.

संस्थेला पर्याय असेल तर वस्तू मागण्यापेक्षा वेळ मागावा, असे माझे मत आहे. महानगरपालिकेच्या शाळांची मैदाने आणि सभागृहे संध्याकाळी रिकामी असतात. ती वापरायला मिळाली, तर छत, वीज आणि देखभाल यांचा बोजा आपोआप हलका होतो.

वडाळा, मुलींच्या खेळगटाची समन्वयक

काकांनी सांगितलेला शाळेचा मार्गच आम्ही धरला. मुलींचा खो-खो आणि फुटबॉलचा गट एका शाळेच्या मैदानावर भरतो. परवानगी कागदावर मिळाली, पण शाळा सुटल्यावर फाटक उघडून शौचालयाची किल्ली कोणी द्यायची, हे त्या कागदात नव्हते. मुलींच्या उपक्रमात ही बाब किरकोळ नाही. शौचालय बंद असले की वयात आलेल्या मुली येत नाहीत, आणि अंधार पडून दिवे लागले नाहीत की घरचे पाठवत नाहीत. आता एका कर्मचाऱ्याला जादा वेळेचे पैसे आम्ही वर्गणीतून देतो. प्रशिक्षकाच्या मानधनानंतरचा आमचा सर्वांत मोठा खर्च हाच आहे.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा अनुभवही सांगते. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते, आणि मान्यताप्राप्त खेळांचे प्रशिक्षण त्या कामांच्या यादीत आहे. परंतु पैसा घेणाऱ्या संस्थेची नोंदणी हवी, आयकर सवलतीची 12ए आणि 80जी प्रमाणपत्रे हवीत, एप्रिल 2021 पासून कंपनी मंत्रालयाकडचा सीएसआर-1 हा या निधीसाठीचा नोंदणी क्रमांक हवा आणि साधारणतः तीन वर्षांच्या कामाचा पुरावाही हवा. आमच्यासारख्या नव्या गटाकडे यातले काहीच नव्हते, म्हणून एका जुन्या विश्वस्त संस्थेच्या छत्राखाली काम सुरू केले. कंपनीने मानधन दिले, हे मी मोकळेपणाने मान्य करते. मात्र करार वर्षाचा होता, आणि मुलींच्या अंगात खेळ मुरायला त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. वर्ष संपले, कंपनीचा पुढचा विषय पर्यावरण ठरला आणि आम्ही पुन्हा अर्ज लिहायला बसलो.

सध्याची तातडीची अडचण पावसाळ्याची आहे. मैदानात पाणी साचते आणि जून ते सप्टेंबर सराव जवळजवळ थांबतो. शिवडी-परळच्या बाजूला दुपारी रिकामे असणारे छत कोणाकडे असल्यास कृपया कळवावे.

लालबाग, व्यायामशाळेचे खजिनदार

वडाळ्याच्या ताईंना कळवतो की आमचा हॉल दुपारी चार ते सहा मोकळा असतो. भाडे घेणार नाही, परंतु त्या वेळेचे वीजबिल तुमच्या गटाने भरावे लागेल आणि मॅट वापरून झाल्यावर पुसून ठेवावी लागेल. शौचालय आतच आहे आणि त्याची किल्ली दाराशी टांगलेली असते. मुलींसाठी हॉल देण्याचा विषय रविवारच्या बैठकीत ठेवतो. एक-दोन ज्येष्ठ सभासद कुरकुरतील, त्यांच्याशी बोलायला तुम्ही स्वतः आलात तर बरे होईल.