कार्बन बाणाचे इन्सर्ट टार्गेटमध्येच राहतात, कुठला गोंद लावू?

माणदेशी
नमस्कार मंडळी. २०२३ साली बर्लिनला अदिती स्वामी आणि ओजस देवतळे जगज्जेते झाले, तेव्हापासून आमच्या साताऱ्यात घरटी एक धनुर्धर झालाय. त्यातलीच एक माझी लेक, कंपाउंड (कप्प्यांचं धनुष्य) मारते. यंदा तिला नवे कार्बन बाण घेतले. दुकानदारानेच कापून, इन्सर्ट (नळीच्या तोंडात चिकटवायची आट्यांची पुंगळी, तिच्यात पॉइंट म्हणजे टोक फिरवून बसतं) बसवून दिले. आता ५० मीटरचा सराव सुरू झाला आणि रोज एक-दोन बाण उपसताना नुसती नळी हातात येते, इन्सर्ट आणि पॉइंट टार्गेटच्या फोममध्ये. दुकानदाराला विचारलं तर म्हणे, "बाण सरळ ओढायला शिकवा."
शाफ्टचा (नळीचा) आतला व्यास ६.२ मिमी, इन्सर्ट अ‍ॅल्युमिनियमचा, पॉइंट आट्याचा. फेविक्विक, अरल्डाइट, की ते बाहेरून मागवायचं हॉट मेल्ट (तापवून लावायची गोंदाची कांडी)? जाणकारांनी सांगावं.

धनुर्वात
फेविक्विक. दोन थेंब टाका, दाबा, विषय संपला. आमच्या ग्राउंडवर निम्मी पोरं तेच लावतात.

रेवाकाठ
आणि उरलेली निम्मी पोरं टार्गेटमागे पॉइंट शोधत बसतात, तेही सांगा की.
फेविक्विक धरतं छान, पण वाळल्यावर कडक आणि ठिसूळ होतं. दर बाणाला बसणाऱ्या हादऱ्याने त्याला बारीक तडे जातात आणि एक दिवस सुटतं. शिवाय ते ओलाव्यावर पकडतं, त्यामुळे पावसाळ्यात इन्सर्ट अर्ध्यात असतानाच गच्च बसतो. मग ना आत जात, ना बाहेर येत. वापरायचंच असेल तर जेलवालं घ्या, सरकवायला थोडे सेकंद जास्त मिळतात.

भाता
माणदेशी, गोंदाआधी एक बघा. निघालेल्या इन्सर्टवर गोंद चिकटलेला आहे, की इन्सर्ट चकचकीत आहे आणि गोंदाची टोपी नळीत राहिलीय?

माणदेशी
आत्ताच पाहिलं. इन्सर्ट अगदी कोरा करकरीत, नवा असावा तसा. नळीच्या आत पांढरट थर आहे.

भाता
मग गोंदाला बोल लावू नका. इन्सर्ट पुसलाच नव्हता. लेथवरून येताना त्यावर तेल असतं, त्यावर कुठलाही गोंद नुसता बसतो, धरत नाही. आमच्याकडच्या पोरांचे बाण रोज माझ्याच टेबलावर येतात, आणि दर वेळी गोष्ट हीच निघते.

असं करा. २२० नंबरच्या पॉलिश पेपरने इन्सर्टचा चकाकता भाग मंद होईपर्यंत घासा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मेडिकलमध्ये मिळतं. थिनर, पेट्रोल यांच्या वाटेला जाऊ नका. नळीच्या आत कान साफ करायची काडी अल्कोहोलमध्ये बुडवून फिरवा. पहिल्या काड्या काळ्याकुट्ट निघतील, ती कापताना उडालेली कार्बनची भुकटी. काडी पांढरी येईपर्यंत थांबायचं नाही. तुमच्या नळीत जुना थर आहे, तो आधी पेपर काडीला गुंडाळून खरवडा. हे करताना तोंडाला मास्क हवाच, ती भुकटी छातीत जाऊ देऊ नये.

आता गोंद. आधी ठरवा, इन्सर्ट पुन्हा काढायचा आहे का? मुलगी वाढतेय, म्हणजे ड्रॉ (दोरी ओढायचं अंतर) लांबणार, पाउंडेज (धनुष्याचा जोर) वाढणार, पॉइंटचं वजन बदलावं लागेल. नळी कापायची वेळ आली तर इन्सर्ट सुखरूप निघायला हवा. म्हणून तिच्यासाठी कार्बनचं कमी तापमानाचं हॉट मेल्ट. अ‍ॅल्युमिनियमच्या बाणांसाठीची कांडी आणू नका, तिला जास्त आच लागते आणि तेवढ्या आचेला कार्बनमधलं रेझिन खराब होतं.

लावताना ज्योत शाफ्टला दाखवायचीच नाही. इन्सर्टमध्ये एक जुना पॉइंट फिरवून बसवा, पॉइंटचं टोक पकडीत धरा, आच पॉइंटला द्या. उष्णता आट्यांतून इन्सर्टमध्ये येते. कांडी टेकवली की वितळायला लागते, तेवढंच पुरे. इन्सर्टभोवती पातळ थर द्या आणि फिरवत फिरवत एका दमात आत ढकला. मागचा नॉक (दोरीत अडकणारी खाच) आधी काढून ठेवा, नाहीतर कोंडलेली हवा इन्सर्टला परत बाहेर लोटते.

माणदेशी
नॉकचं ऐकून डोक्यात प्रकाश पडला. दोन बाणांचे इन्सर्ट किंचित बाहेर आलेलेच दिसत होते.

मिशिगनचा पाटील
भाताशी सहमत, पण एक दुसरी बाजू. आम्ही इकडे थ्रीडी (प्राण्यांच्या फोमच्या पुतळ्यांवरची धनुर्विद्या) आणि हरणाच्या शिकारीसाठी जड पितळी इन्सर्ट बसवतो, तिथे हळू वाळणारं एपॉक्सीच. पाच मिनिटांत पकडणारं सोयीचं असतं, पण रात्रभर घेणारं जास्त ताकदीचं. तुमच्याकडे साधं अरल्डाइट मिळतं ते त्यातलंच. रेझिन आणि हार्डनरचे सारख्या लांबीचे पट्टे काढा, नीट एकजीव करा, बाण टोक खाली करून उभे ठेवा, म्हणजे जास्तीचा गोंद नळीत मागे ओघळत नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका. मात्र नंतर इन्सर्ट काढणं म्हणजे दिव्यच. एपॉक्सी मऊ होईस्तोवर तापवलं तर त्याच आचेत नळीही जाते.

रेवाकाठ
हॉट मेल्टवाल्यांना एक प्रश्न. नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत बाण राहिले तर? आणि नव्या कडक फोममधून उपसताना पॉइंट हाताला गरम लागतो, ते कसं?

भाता
रास्त प्रश्न. घर्षणाने पॉइंट तापतो, ते खरंच. नव्या फोमवर कंपाउंडचा बाण लगेच झटक्याने ओढला तर हॉट मेल्ट मऊ असतानाच ताण पडतो. थोडं थांबून, टार्गेटला एक हात लावून, नळी टार्गेटच्या अगदी जवळ धरून सरळ मागे ओढायचं. शाफ्टच्या पुढच्या भागाला बाणांचं वंगण लावलं तर आणखी सोपं. डिकीत मात्र ठेवूच नका, उन्हाळ्यात तर बिलकूल नाही. विदर्भात राहणाऱ्याने अरल्डाइट वापरलं तर मी नाव ठेवणार नाही.

माणदेशी, बसवून झाल्यावर प्रत्येक बाण सोनाराच्या काट्यावर तोला, ०.०१ ग्रॅम दाखवणारा. बाणाचं वजन ग्रेनमध्ये मोजतात, एक ग्रेन म्हणजे साधारण ०.०६५ ग्रॅम. गोंद कमीजास्त झाला असेल तर तिथे कळतं. आणि जे बाण निघताना वाकडे ओढले गेलेत ते कानाशी धरून हलके वाकवा, चारी बाजूंनी. कुरकुर ऐकू आली किंवा चीर दिसली तर तो बाण मोडून टाका, पुन्हा धनुष्यावर चढवू नका. फुटका कार्बन सुटताना हातात घुसतो.

धनुर्वात
बरं, पण हॉट मेल्टची कांडी येईपर्यंत पोरीने काय करायचं? शनिवारी सिलेक्शन असेल तर?

माणदेशी
शनिवारी नाही, पंधरवड्याने आहे. तोवर चार बाण अल्कोहोल आणि अरल्डाइटने करतो, बाकीचे कांडी आल्यावर. भाता, जुना पांढरा थर पेपरने निघत नसेल तर नळी अर्ध्या इंचाने कापली तर चालेल का?

भाता
आधी तिचा ड्रॉ मोजा. पूर्ण ओढल्यावर बाणाचं टोक रेस्टच्या (धनुष्यावर बाण टेकतो त्या आधाराच्या) पुढे किती उरतं ते कोचला बघू द्या. अर्धा इंच कापला की बाण कडक होतो, मग चारच कापून चालत नाही, अख्खा संच कापावा लागतो. त्यापेक्षा पेपर बदला, थोडा खरखरीत १५० घ्या.