पाथर्डी फाट्याला भाड्याने द्यायला वन बीएचके, घ्यावा का?

सातपूरकर:
नमस्कार मंडळी. मी नाशिकला सातपूरच्या कंपनीत आहे, राहतं घर स्वतःचं, त्याचं कर्ज फिटलंय. हाताशी सात-आठ लाख आहेत. पाथर्डी फाट्याच्या पुढे रिसेलचा वन बीएचके बघितला, ३२ लाख सांगतोय. एजंट म्हणतो ९,५०० भाडं कुठं गेलं नाही, २५ लाख लोन काढा, हप्ता भाड्यातूनच निघतो आणि २०२७ चा कुंभमेळा आला की भाव बघत राहाल. बायको म्हणते एफडी करा आणि गप बसा. पहिलीच वेळ आहे, घेतला तर काय काय बघायचं?

गोदाकाठ:
हप्ता भाड्यातून निघतो हे त्या एजंटला कागदावर मांडून दाखवायला सांगा ना भाऊ. २५ लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं धरली तर हप्ता २१,७०० च्या आसपास बसतो. भाडं ९,५००. म्हणजे वरचे बारा हजार दर महिन्याला तुमच्या पगारातून, आणि तेही घर भरलेलं असेल तर.
शिवाय भाडं पूर्ण हातात येत नाहीच. माझा इंदिरानगरला एक आहे, मेंटेनन्स मी भरतो, घरपट्टी मी भरतो, भाडेकरू बदलला की एक महिना रिकामा, रंग, प्लंबर, परत ब्रोकरेज. सगळं वजा जाता वर्षाला ऐंशी-पंच्याऐंशी हजार उरतात. तुमचंही तेवढंच धरलं तर ३२ लाखावर पावणेतीन टक्केसुद्धा नाही. वहिनी काही चुकीचं बोलत नाहीयेत.
आणि ३२ मधून २५ गेले की सात तुमच्या खिशातले, मग स्टँप ड्युटी आणि नोंदणीचे दोन लाखाच्या वर जातात ते कुठून आणणार? वहिनींच्या एकटीच्या नावावर घेतलात तर ड्युटीत एक टक्का सूट आहे, जॉइंट केलं की ती गेली.
कुंभाचं म्हणाल तर २०१५ च्या आधीपण मला एका एजंटने हेच ऐकवलं होतं. भाव वाढेलही, पण तो हप्ता भरत नाही.

म्हसरूळवाली:
हिशोब दादांनी सांगितलाच, मी कागदाचं सांगते कारण मी त्यात पोळलेय. ओळखीतला मुलगा म्हणून आम्ही पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून घर दिलं, नोंदणी केलीच नाही. कांद्याचा व्यापार करायचा तो. दोन महिन्यांनी शेजारच्या काकूंचा फोन, तुमच्या घरातून वास येतोय. जाऊन बघते तर हॉलमध्ये भिंतीला लागून छतापर्यंत कांद्याच्या गोण्या, खालच्या गोणीतून पाणी सुटून फरशीवर काळा ओघळ, आणि हा शांतपणे म्हणतो ताई भाव वाढू द्या मग काढतो!! घर फक्त राहायला दिलंय असं आमच्या कागदात कुठं लिहिलंच नव्हतं. गोण्या निघाल्या, पण लाइट बिल चार महिन्यांचं थकवून गेला, मीटर आमच्या नावावर मग भरलं आम्हीच.
नंतर वकिलांनी समजावलं की महाराष्ट्रात भाडेकरार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची, नाही नोंदवला आणि वाद झाला तर उलटं सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात, वर ५,००० पर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. खर्च किती म्हणाल तर ९,५०० भाडं, ३० हजार डिपॉझिट आणि ११ महिने धरले तर स्टँप तीनशेच्या आसपास, महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंट घरी येऊन आधारवर अंगठे घेतो त्याचे वेगळे. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता फक्त वापरायला देण्याचा करार, नोंदवलेला असला की मुदत संपून न निघणाऱ्याकडून दुप्पट भाडं मागता येतं.
चावी देताना मीटरचं रीडिंग, नळ, ओट्याची फरशी सगळं मोबाइलवर व्हिडिओत घ्या आणि तो व्हिडिओ त्यालाच पाठवा. पोलिसांत भाडेकरूची माहिती पण द्या.

सातपूरकर:
ताई हसू पण आलं आणि घाबरलो पण. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो भाड्याने दिला तर मेंटेनन्स डबल, असं असतं का?

गोदाकाठ:
डबल नाही. मालक स्वतः राहत नसला की सोसायटी जो जादा आकार लावते तो नॉन ऑक्युपन्सी चार्ज, तो सर्व्हिस चार्जच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही, सर्व्हिस चार्जमध्ये घरपट्टी धरत नाहीत. सोसायटी रजिस्टर्ड आहे का, मालकाची थकबाकी किती आहे तेही विचारा, थकबाकी नसल्याचा दाखला (नो ड्यूज) हातात घेतल्याशिवाय टोकन देऊ नका. फ्लॅट शेवटच्या मजल्यावर आहे का?

सातपूरकर:
हो, चौथा, वर गच्चीच. बेडरूमला नवीन रंग मारलाय, बाकी घराला जुनाच आहे.

म्हसरूळवाली:
एकाच खोलीला नवीन रंग?? दादा, त्या भिंतीला हात लावून बघा आधी, आणि आताच नाही, एक मोठा पाऊस पडल्यावर.