उलटी झाल्यावर उतरणारी डोकेदुखी: पित्ताची की अर्धशिशीची?

आंबेहळद, सातारा

नमस्कार. माझे वय ४१ असून मी प्राथमिक शाळेत शिकवते. दहावीत असल्यापासून मला डोकेदुखीचा त्रास आहे. पूर्वी महिन्यातून एकदा-दोनदा, बहुतेक वेळा पाळीच्या आदल्या दिवशी, उजव्या कानशिलात ठणका सुरू होई. दुपारपर्यंत तो डोळ्यामागे उतरे, शेजारच्या घरातल्या फोडणीचा वासही सहन होत नसे, आणि खोलीत अंधार करून, कपाळाला ओढणी घट्ट बांधून पडून राहण्याखेरीज काही करता येत नसे. अखेर उलटी झाली की झोप लागे आणि सकाळी डोके उतरलेले असे. आमच्या घरी याला पित्तच म्हणतात. आईलाही असेच होत असे, त्यामुळे आमसुलाचे सार, मोरावळा, भिजवलेल्या मनुका आणि सकाळी उपाशीपोटी आम्लपित्ताची गोळी हे सर्व मी वर्षानुवर्षे केले. संकष्टीचा उपवास मात्र हमखास बाधतो. चंद्रोदयाची वाट पाहता पाहताच डोके धरते.

गेल्या वर्षभरात याशिवाय दुसरीच डोकेदुखी मागे लागली आहे. सकाळी उठतानाच संपूर्ण डोके पट्ट्याने आवळल्यासारखे जड असते. ठणका नसतो आणि उलटीही होत नाही, पण दिवस धड जात नाही. म्हणून शाळेत निघण्यापूर्वी मी एक गोळी घेते आणि कधी कधी दुपारच्या सुट्टीत दुसरी. चष्म्याचा नंबर तपासून झाला, सायनसचा एक्स-रेही स्वच्छ आला. हे दोन वेगळे आजार आहेत का, आणि मी एमआरआय करून घ्यावा का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कृष्णाकाठ

ताई, मीही १५ वर्षे पित्तावरच उपचार करत होते. माझ्या बाबतीत डोके दुखण्याच्या आधी पासबुकातल्या आकड्यांचा मधला भाग दिसेनासा होई आणि कडेने चमकणारी नागमोडी रेघ सरकत जाई. साधारण २० मिनिटांनी ती विरे आणि मग ठणका सुरू होई. हा डोळ्यांचा दोष नसून अर्धशिशीची पूर्वसूचना आहे, हे मला फार उशिरा कळले.

मला सर्वांत अधिक उपयोग झाला तो स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेचा. डोके दुखले त्या तारखेवर फुली, गोळी घेतली त्या तारखेवर गोल आणि पाळीच्या दिवसांवर रेघ, एवढेच मी दोन महिने केले. डॉक्टरांनी ती पाने पाहिली आणि फुल्यांकडे न पाहता आधी गोल मोजले. एका महिन्यात ते १९ निघाले. त्यांच्या सल्ल्याने मी गोळ्या थांबवल्या, तेव्हा पहिला आठवडा अतिशय कठीण गेला हे आपल्याला आधीच सांगून ठेवते. मी त्यासाठी रजा काढली होती. तिसऱ्या आठवड्यात मात्र एके सकाळी चहा गाळताना लक्षात आले की डोके हलके आहे.

उपवास मी सोडलेला नाही. पूर्वी एकभुक्त राहत असे, आता दर तीन तासांनी दूध, केळे किंवा राजगिऱ्याचा लाडू घेते आणि पाणी मोजून पिते. चंद्रोदयापर्यंत पोट रिकामे ठेवणे मात्र मी कायमचे बंद केले.

फिजिशियन, सांगली जिल्हा

आपण लिहिलेली पहिली डोकेदुखी अर्धशिशीच्या वर्णनाशी जवळजवळ शब्दशः जुळते. अर्धशिशीचा झटका उपचार न केल्यास ४ ते ७२ तास टिकतो. दुखणे बहुधा एका बाजूला असते, नाडीबरोबर ठणकते, जिना चढला तरी वाढते, आणि सोबत मळमळ असते किंवा प्रकाश आणि आवाज दोन्ही नकोसे होतात. आईला तोच त्रास असणे आणि पाळीच्या सुमारास, म्हणजे इस्ट्रोजेनची पातळी खाली येताना झटका येणे, हेही त्यात बसते.

मराठी घरांमध्ये याला पित्त का म्हणतात हे समजण्यासारखे आहे, कारण उलटीनंतर बरे वाटते हा अनुभव खरा आहे. परंतु येथे क्रम उलटा लावला जातो. पोट बिघडल्यामुळे डोके दुखत नसून, डोक्यातल्या त्याच प्रक्रियेमुळे मळमळ आणि उलटी होते. झटक्याच्या वेळी जठराची हालचालही मंदावते, म्हणूनच उशिरा घेतलेली गोळी पोटातच पडून राहते आणि ‘मला कोणतीच गोळी लागू पडत नाही’ असे रुग्ण सांगतो. गोळी ठणका सुरू होताच, आवश्यक असल्यास उलटी थांबवणाऱ्या औषधासह घ्यावयाची असते. साध्या वेदनाशामकाने भागत नसेल तर ट्रिप्टान गटातील औषधे आहेत, मात्र हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना ती देता येत नाहीत.

दुसऱ्या डोकेदुखीविषयी मला अधिक काळजी वाटते. दोन्ही बाजूंनी आवळल्यासारखे, मध्यम स्वरूपाचे आणि चालण्या-फिरण्याने न वाढणारे दुखणे हे ताणाच्या डोकेदुखीचे लक्षण आहे, आणि मान व खांदे आखडल्याने ती बळावते. पण आधीपासून अर्धशिशी असलेल्या व्यक्तीला जेव्हा जवळजवळ रोज, पहाटेपासूनच डोके जड वाटू लागते, तेव्हा मी पहिला प्रश्न गोळ्यांच्या संख्येचा विचारतो. साधे वेदनाशामक महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस, आणि मिश्र (एकाहून अधिक घटकांचे) वेदनाशामक, ट्रिप्टान किंवा अर्गोटामिन हे अर्धशिशीचे औषध १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ घेतले गेले, तर औषधातूनच डोकेदुखी निर्माण होऊ शकते. म्हणजे आपल्याला दोन आजार असतील, पण दुसरा पहिल्याच्या उपचारातून आलेला असू शकतो. गोळी बंद केल्यावर साधारण २ ते १० दिवस दुखणे वाढते आणि मग ओसरू लागते. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावे, आणि त्याच वेळी प्रतिबंधक औषध सुरू करावे. प्रोप्रानोलॉल दम्याच्या रुग्णाला चालत नाही, ॲमिट्रिप्टिलीनने तोंडाला कोरड पडते आणि झोप येते, व्हॅल्प्रोएट गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीला टाळतात, त्यामुळे निवड माणूस पाहूनच होते. यातल्या कोणत्याही औषधाचा गुण कळण्यास सहा ते आठ आठवडे लागतात, आणि बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यातच ते सोडून देतात, याचे मला नेहमी वाईट वाटते.

एमआरआयविषयी सांगायचे तर, वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने येणाऱ्या अर्धशिशीला, तपासणीत दोष नसल्यास, त्याची गरज नसते. आपल्या दुखण्याचे स्वरूप वर्षभरात बदलले आहे, म्हणून रक्तदाब, मज्जासंस्थेची तपासणी आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी आधी करून घ्यावी आणि स्कॅनचा निर्णय त्यावरून व्हावा. एका क्षणात कळसाला पोहोचणारी डोकेदुखी, तापासोबत मान ताठ होणे, हातापायातील शक्ती जाणे, बोलणे अडखळणे, डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारे दुखणे, यांपैकी काहीही झाल्यास मात्र त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

एका डोळ्याभोवती असह्य कळ, त्याच डोळ्यातून पाणी, नाक वाहणे आणि पडून राहण्याऐवजी येरझाऱ्या घालाव्याशा वाटणे ही क्लस्टर डोकेदुखी. ती १५ मिनिटे ते ३ तास टिकते आणि मास्कमधून जोरात दिलेल्या शुद्ध ऑक्सिजनने थांबू शकते. आपल्याला ती नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कोणाला असू शकते.

औषध दुकानदार, वाई

डॉक्टरसाहेबांच्या मजकुराला दुकानाच्या बाजूने एक पुष्टी देतो. आमच्याकडे गिऱ्हाईक नाव सांगत नाही, ‘डोक्याची गोळी द्या’ एवढेच म्हणते, आणि तीच व्यक्ती पुढच्या सोमवारी पुन्हा उभी असते. ताई, आपल्या पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे उजेडात धरून वाचा. पॅरासिटामॉलसोबत कॅफीन लिहिलेले असेल तर ती मिश्र गोळी झाली आणि आपली मर्यादा १५ दिवसांची नसून १० दिवसांची ठरते. अर्धशिशीच्या काही गोळ्यांत पॅरासिटामॉल, कॅफीन, उलटीचे औषध आणि अर्गोटामिन असे चार घटक एकत्र असतात. अर्गोटामिन रक्तवाहिन्या आकसते, गरोदरपणात आणि हृदयरोगात ते वर्ज्य आहे, आणि त्यानंतर २४ तासांच्या आत ट्रिप्टान घेता येत नाही. हे पाकीट चिठ्ठीशिवाय कोणी दिले तरी कृपया घेऊ नका.

माळरान

विषयाला धरूनच एक अनुभव लिहितो, कारण तो कोणाच्या तरी उपयोगी पडेल. माझ्या आईला आयुष्यभर डोकेदुखी नव्हती. वयाच्या ७१ व्या वर्षी ती अचानक सुरू झाली. वेणी घालताना कानशिलावर कंगवा टेकला तरी ती कळवळत असे आणि भाकरी चावताना जबडा दुखतो म्हणून ती दुधात कुस्करून खाऊ लागली. आम्ही दाढ दुखत असेल असे समजून दंतवैद्याकडे नेले. कानशिलाच्या धमनीला सूज होती. यात स्टेरॉइड तातडीने सुरू केले नाही तर दृष्टी जाऊ शकते. आईचा एक डोळा वाचला, दुसऱ्याने आता अंधुकच दिसते. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेल्या डोकेदुखीला कोणीही पित्त म्हणून घरी ठेवू नये, एवढी कळकळीची विनंती आहे.

आंबेहळद, सातारा

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल रात्री पर्स, कपाटाचा खण आणि शाळेतल्या टेबलाचे ड्रॉवर यांतली रिकामी पाकिटे गोळा करून मोजली. गेल्या महिन्यात मी किमान २२ दिवस गोळी घेतली आहे, आणि पाकिटावर पॅरासिटामॉलशेजारी कॅफीन लिहिलेले आहे. इतकी वर्षे मी ते अक्षर वाचलेच नव्हते. शनिवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे आणि ही पाकिटे तशीच पिशवीत घालून नेणार आहे. दिवाळीच्या सुट्टीत गोळी थांबवता येईल का, हेही त्यांना विचारेन. आईला फोन केला होता. तिने विचारले, ‘म्हणजे मलाही अर्धशिशीच होती का?’ तिला काय सांगावे ते मला सुचले नाही. ती आता ६८ वर्षांची आहे, पाळी गेल्यापासून तिचे डोके दुखत नाही, आणि तिने आयुष्यातल्या कितीतरी दुपारी पित्त म्हणून अंधारात काढल्या आहेत.