पांडवलेणी ते चांभार लेणी: एका दिवसात, पायी आणि शहर बसने

गंगापूररोडकर (प्रश्न)

येत्या रविवारी पुण्याहून माझी भाची येत आहे. ती इतिहासाची विद्यार्थिनी असून तिला नाशिक गाडीतून नव्हे, तर चालत पाहायचे आहे. शहराच्या दक्षिणेला पांडवलेणीचा डोंगर, उत्तरेला म्हसरूळजवळची चांभार लेणी आणि मधोमध गोदावरी, असा शहर आडवे पार करणारा एक दिवस माझ्या मनात आहे. दोन्ही डोंगर पायी चढायचे, मधला गावठाणाचा भाग पायी करायचा आणि उरलेली अंतरे सिटीलिंकच्या बसने कापायची. हे सारे उजेडात आटोपेल का, आणि आरंभ कोणत्या टोकापासून करावा? माझे वय अठ्ठावन्न आहे. पायऱ्यांची भीती नाही, परंतु उतरताना गुडघा कुरकुरतो.

इंदिरानगरवासी

आटोपेल, मात्र आरंभ पांडवलेणीपासूनच करावा. त्रिरश्मी डोंगरातील ही २४ लेणी डोंगराच्या उत्तर अंगाला कोरलेली आहेत. सकाळच्या कोवळ्या तिरप्या उन्हात ओसरीवरील कोरीव लेखांच्या अक्षरांच्या कडा जशा उठून दिसतात, तशा त्या दुपारी दिसत नाहीत, आणि भाची इतिहासाची असल्यामुळे तुमचा खरा वेळ त्या अक्षरांपुढेच जाणार आहे. सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, पाथर्डी फाट्याकडे जाणारी बस घ्यावी, फाट्यावर उतरून सर्व्हिस रोडने पंधरा-वीस मिनिटे चालावे आणि फाळके स्मारकाच्या बाजूने पायऱ्यांना लागावे. महामार्ग ओलांडण्याची घाई करू नये. तेथील वाहनांचा वेग रस्त्याच्या कडेला उभे राहिल्यावरच कळतो.

वर गेल्यावर सगळी लेणी सारख्याच वेगाने पाहू नयेत. क्रमांक ३ मध्ये गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यात ती आपल्या मुलाचे, म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचे, ‘ज्याची वाहने तीन समुद्रांचे पाणी प्यायली’ असे वर्णन करते. मला स्वतःला मात्र क्रमांक १० अधिक जवळचे वाटते. तेथे क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेव म्हणून ठेवल्याचा लेख आहे: २००० महिना शेकडा एक दराने आणि १००० पाऊण दराने. मूळ रकमेला हात लावायचा नाही, केवळ व्याज खर्च करायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम, करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी मिळावेत, अशी तजवीज त्याने केली. ते गोवर्धन गाव आजही गंगापूर रस्त्याच्या बाजूला आहे, म्हणजे तुमच्या शेजारीच.

पंचवटीचा जुना रहिवासी

मधल्या टप्प्याविषयी सांगतो, कारण लोक नेमका तोच बसमध्ये बसून घालवतात. परतताना सीबीएसला उतरावे, शालिमार आणि सराफ बाजारातून पायी नदीकडे यावे. मिसळ खायची असेल तर याच भागात आणि अकराच्या आत खावी. डोंगर उतरून आल्यावर ती जास्तच चांगली लागते, पण त्यानंतर दोन हातांनी ताक पिऊन सावलीत बसण्याची इच्छा होते आणि चांभार लेणी राहून जातात. हा माझा अनुभव आहे.

घाटावर दुतोंड्या मारुतीला पाहून घ्यावे. आम्ही पुराची उंची त्याच्या अंगावर मोजतो, गुडघ्याला पाणी, छातीला पाणी, अशी. त्याचे पाय कोरडे असतील तर घाटावरून निर्धास्त चालता येते. पुढे रामकुंड आणि काळाराम मंदिर. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला तो याच मंदिरापुढे, आणि सकाळी त्रिरश्मीवर बौद्ध लेणी पाहून आलेल्या माणसाला त्या दगडी दरवाजापुढे थांबावेसे वाटतेच. तेथून निमाणी स्थानक चालण्याच्या अंतरावर आहे.

डोंगरयात्री

मला हा बेत थोडा हावरेपणाचा वाटतो. पांडवलेणीला दीड तास धरला जातो, परंतु लेख वाचणाऱ्याला तीन तासही अपुरे पडतात. चांभार लेण्यांना चारशेहून अधिक पायऱ्या आहेत आणि त्या दुपारी तापतात. गुडघा कुरकुरत असेल तर उतरताना पायऱ्यांवर किंचित तिरके उतरावे आणि काठी न्यावी. तरीही जायचेच असेल, तर निमाणीहून म्हसरूळची बस साडेतीनच्या आत पकडावी. हे स्थान जैनांचे गजपंथ क्षेत्र आहे, म्हणून पादत्राणे आणि खाणे यांबाबत तेथील नियम पाळावेत. आणखी एक सूचना: परतीच्या थांब्यावर उभे राहताना रस्त्याची बाजू नीट विचारून घ्यावी. मी एकदा दिंडोरी रस्त्यावर चुकीच्या बाजूला अर्धा तास उभा होतो, आणि माझी बस समोरून गेली तेव्हा तिच्या चालकाला हात दाखवण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हते.

गंगापूररोडकर

सर्वांचे आभार, रविवार झाला, म्हणून वृत्तांत कळवतो. पावणेआठला पायऱ्या चढू लागलो. दहाव्या लेण्यात भाचीने वहीत हिशेब मांडला: २००० वर महिना २०, वर्षाला २४०, भागिले वीस, बरोबर १२. मग अठराव्या लेण्याच्या दर्शनी भागावर तिने ‘नासिककनं’ हा शब्द बोटाने हवेत गिरवून दाखवला. धंभिक गावाच्या दानाचा तो लेख आहे, आणि आमच्या शहराचे नाव दगडात वाचण्याची माझी ही पहिलीच वेळ. त्यातच साडेअकरा वाजले. मिसळ उशिरा झाली, ताकही झाले, आणि मारुतीचे पाय कोरडे होते.

म्हसरूळला चारला पोहोचलो. मी अर्ध्या पायऱ्यांवर थांबलो, ती वर जाऊन आली. उरलेल्या पायऱ्यांसाठी आता सकाळची पहिली बस किती वाजता असते, ते कोणी कळवावे.