व्हीएचएस कॅसेट कॅप्चर करताना चित्र काळं-पांढरं येतंय, आवाजही नाही

प्रश्न: १९९४ च्या लग्नाची कॅसेट. व्हीसीआरची पिवळी-लाल-पांढरी वायर यूएसबी कॅप्चर यंत्राला, पुढे लॅपटॉपवर ओबीएस (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर). टीव्हीवर रंग व्यवस्थित दिसतात. ओबीएसमध्ये मात्र चित्र काळं-पांढरं, वर-वर सरकणारं, आवाज शून्य. काय तपासू?

उत्तर १: टीव्हीवर रंग आहेत म्हणजे कॅसेट आणि व्हीसीआर ठीक. गडबड स्टँडर्डची, म्हणजे व्हिडिओ सिग्नलच्या पद्धतीची आहे. आपल्याकडच्या कॅसेटी पाल पद्धतीच्या, आणि ही कॅप्चर यंत्रं बरेचदा एनटीएससीवर, म्हणजे अमेरिकेतल्या पद्धतीवर सेट असतात. सोर्सच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘कॉन्फिगर व्हिडिओ’ उघडा, स्टँडर्ड पाल-बी करा. रिझोल्यूशन ७२०×५७६, २५ फ्रेम. क्रॉसबारमध्ये (इनपुट निवडायची खिडकी) इनपुट कंपोझिट, म्हणजे पिवळ्या वायरचा हवा. चुकून एस-व्हिडिओ (वेगळ्या वायरचा इनपुट) राहिला तर चित्र धड येत नाही. आवाजासाठी तिथेच खाली कस्टम ऑडिओ डिव्हाइस निवडा, आणि विंडोजच्या प्रायव्हसीत मायक्रोफोनची परवानगी चालू करा. विंडोज या यंत्राचा आवाज माइक म्हणूनच धरतं.

उत्तर २: वरचं सगळं बरोबर. पण कॅसेट पुन्हा घालण्याआधी झडप उघडून फीत उजेडात बघा. रिळाच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी, कोकणातल्या दमट हवेत हमखास धरते. अशी कॅसेट कृपा करून चालवू नका. बुरशी व्हीसीआरच्या हेडला (फीत वाचणारा भाग) चिकटते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते.

प्रश्नकर्ता: पाल-बी करताच रंग आले, आवाजही. हलत्या हाताच्या कडेला मात्र कंगव्यासारख्या रेघा दिसतात.

उत्तर १: ते इंटरलेसिंग, म्हणजे एका फ्रेममध्ये एकाआड एक रेघांची दोन अर्धी चित्रं (फील्ड) असतात. सोर्सवर राइट क्लिक, डीइंटरलेसिंग, याडिफ २एक्स, टॉप फील्ड फर्स्ट. आउटपुट ५० फ्रेम ठेवा. हालचाल झटके देत असेल तर बॉटम फील्ड फर्स्ट करून बघा.