ब्रिटनमधलं ४ जुलैचं मतदान: भारतीय पासपोर्टवाल्यांनो, नोंदणी केलीत का?

प्रेषक: एक सभासद, अर्ली
शनिवार, ८ जून २०२४

नमस्कार मंडळी,
लोकसभेचा निकाल लागेपर्यंत आपण सगळे महाराष्ट्रातल्या ४८ जागांवर बोलत होतो. आता इथली, ब्रिटनच्या संसदेची निवडणूक आली. आम्ही स्किल्ड वर्कर व्हिसावर, पासपोर्ट भारतीय. कौन्सिलकडून मतदार नोंदणीचं पत्र आलंय. नवरा म्हणतो, आपल्यासाठी नसेल, टाकून दे. जाणकारांनी सांगावं.

प्रेषक: हॅरोचे काका

ताई, ते पत्र टाकू नका. इथे कायदेशीर राहणाऱ्या कॉमनवेल्थ नागरिकांना संसदेसाठी मत देता येतं आणि त्यात भारत येतो. व्हिसा नोकरीचा असो, विद्यार्थ्याचा की डिपेंडंटचा, वय १८ हवं. भारतात मत द्यायचं तर आपल्याला स्वतः केंद्रावर हजर राहावं लागतं. इथे केंद्र घराजवळच्या शाळेत नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये असतं.

नोंदणी ऑनलाइन, मंगळवार १८ जून रात्री ११.५९ पर्यंत. नॅशनल इन्शुरन्स (एनआय) नंबर, म्हणजे पगारातून कर-विमा कापताना वापरतात तो, हाताशी ठेवा. सार्वत्रिक निवडणुकीत फोटो ओळखपत्राची सक्ती यंदा पहिल्यांदाच आहे. भारतीय पासपोर्ट किंवा बीआरपी कार्ड (इथल्या वास्तव्य परवान्याचं कार्ड) चालतं. तुमचा 'अर्ली अँड वुडली' मतदारसंघ नवाकोरा आहे, तेव्हा उमेदवार कोण ते नीट बघा.

मी इतकं कळकळीनं लिहितोय, कारण निर्णय आपल्याबद्दलचेच होताहेत. व्हिसासोबत भरायचा हेल्थ सरचार्ज (सरकारी आरोग्यसेवेचं शुल्क) फेब्रुवारीत माणशी वर्षाला ६२४ वरून १,०३५ पौंडांवर गेला, मुलांचा ७७६ वर. चौघांच्या कुटुंबाला तीन वर्षांच्या व्हिसासाठी १०,८६६ पौंड एकदम भरावे लागतात! नव्याने येणाऱ्यांची पगाराची अट एप्रिलपासून वर्षाला २६,२०० पौंडांची ३८,७०० झाली. केअर वर्करना मार्चपासून बायकोमुलं आणता येत नाहीत. २०१० पासून हुजूर पक्षाचेच पंतप्रधान आहेत, आतापर्यंत पाच झाले. त्यातल्याच एक, ट्रस बाई, यांच्या २०२२ च्या मिनी-बजेटनंतर मॉर्गेजचे दर कसे भडकले, ते आपल्यातल्या अनेकांनी सोसलंय. मजूर पक्षही स्थलांतर कमी करू म्हणतोय, हे विसरू नका. स्थलांतराला विरोध करणाऱ्या रिफॉर्म यूके पक्षाचे फराज यांनी ३ जूनला क्लॅक्टनमधून उभं राहायचं जाहीर केल्यापासून तर सूर आणखी कडक झालाय.

पंतप्रधान सुनक आपल्या वंशाचे, म्हणून त्यांनाच मत द्या, असं काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. सरचार्ज त्यांच्याच सरकारनं वाढवला. मत कुणालाही द्या, पण उमेदवाराला व्हिसाबद्दल तोंडावर विचारा.

प्रेषक: एक सभासद, स्लाऊ

काका, मी जूनअखेर वारीला निघतोय. माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरपर्यंत. माझं मत बुडणार का?

प्रेषक: मराठी मंडळाचे कार्यवाह

दादा, बुडणार नाही. वहिनींचं नाव यादीत असेल तर त्यांना प्रॉक्सी, म्हणजे तुमच्या वतीनं मत देणारी व्यक्ती, नेमा. अर्ज २६ जून संध्याकाळी ५ पर्यंत. पोस्टल मताचा अर्ज १९ जूनपर्यंत जातो, पण मतपत्रिका तुम्ही निघायच्या आत हातात पडेलच असं नाही, म्हणून प्रॉक्सीच बरं. मंडळ कुणाचाही प्रचार करणार नाही. १५ तारखेला मराठी शाळा सुटल्यावर मी लॅपटॉप घेऊन बसतोय. ज्यांची नोंदणी राहिलीय त्यांनी पासपोर्ट आणि एनआय नंबर घेऊन या.